जावई गिटार वाजवतो, पण पोट कशावर भरतो?

पत्र : ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, आता ग्लासगोत असतो. मुलगी इथेच शिकली, नोकरीला लागली आणि एका स्कॉटिश मुलाशी तिने लग्न ठरवलंय. मुलगा गुणी आहे, घरी आला की आमटी मागून घेतो. पण व्यवसाय काय, तर गिटार! त्याचा पॉप बँड गेल्या वर्षी मोडला. आता कुणाच्या रेकॉर्डिंगला जातो, मुलांना शिकवतो, शनिवारी लग्नांत वाजवतो. बँडच राहिला नाही तर हा पुढे करणार काय? आणि सांगलीला काय सांगू?
— काळजीत पडलेली आई

उत्तर : आमटी मागून घेणाऱ्या मुलाबद्दल माझं मत जरा आधीच बरं झालंय, तेवढं सांभाळून घ्या.

बँड मोडला म्हणजे मुलाचं सगळं संपलं, हे तुम्ही धरूनच चालला आहात. पॉप बँड फार टिकत नाहीतच. तुमच्या स्कॉटलंडचाच इयन बेर्नसन घ्या. शेटलंड बेटांवरच्या लर्विकचा जन्म, एडिंबराच्या ‘पायलट’ बँडमध्ये गिटार. १९७५ साली त्यांचं ‘जॅन्युअरी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. दोन वर्षांनी शेवटचा अल्बम आला आणि बँड आटोपला. बेर्नसन तेव्हा पंचविशीही न गाठलेला. पुढच्याच वर्षी गायिका केट बुशचं ‘वदरिंग हाइट्स’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या शेवटी जी गिटार वाजत राहते, ती बेर्नसनची. पायलटच्या गाण्यांचा निर्माता ॲलन पार्सन्स. त्याच ओळखीतून बेर्नसनला ‘ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’ या पार्सन्सच्या संगीतगटाचं काम मिळालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. बँड गेला, पण बँडमुळे जोडलेली माणसं कामाला आली. तुमच्या होणाऱ्या जावयाला रेकॉर्डिंगला बोलावणं येतंय ना? मग हेच चाललंय.

काळजी करायचीच असेल तर कागदांची करा. पायलटचं ‘जॅन्युअरी’ लिहिलं बँडमधल्याच डेव्हिड पेटनने, त्यांचं दुसरं गाणं ‘मॅजिक’ पेटन आणि बिली लायलने. गाणं लिहिणाऱ्याचे पैसे पीआरएस ही संस्था गोळा करते. त्यामुळे कित्येक वर्षांनी अमेरिकेत ओझेम्पिक या मधुमेहाच्या औषधाच्या जाहिरातीने ‘मॅजिक’ची चाल उचलली, तेव्हा मोल होतं ते गाणं लिहिणाऱ्यांच्या हक्काचं. नुसतं वाजवणाऱ्याला रेडिओवरच्या प्रसारणाचा वाटा मिळतो पीपीएल या दुसऱ्या संस्थेकडून, तोही नाव नोंदलेलं असेल आणि त्या रेकॉर्डवर कोणी वाजवलं हे लिहिलेलं असेल तरच. मोडलेल्या बँडच्या गाण्यांत तुमच्या जावयाचं नाव गीतकार म्हणून आहे का? भांडण ताजं असताना हा विषय कुणाला नको असतो, पण आत्ताच मिटवलेला बरा.

आणखी एक. स्वतंत्र काम करणाऱ्याला पेन्शनमध्ये कंपनीचा वाटा नसतो. जानेवारीअखेर करविवरण भरायचं, तेव्हा कराचे पैसे बाजूला काढलेले हवेत. याबाबत तो गबाळा असेल तर ती खरी अडचण, गिटार नव्हे. पण हे तुम्ही विचारू नका, मुलीला विचारू द्या. पगारपत्रक मागणारी सासू कुणालाच नको असते. आणि मुलगी कमावती आहे, हे तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलंत. घर दोघांच्या पैशांवर चालणार आहे, ताई.

सांगलीला सांगा, ‘स्टुडिओत वादक आहे, शिकवतोही.’ खरं तेच आहे. ‘बँडचं नाव काय?’ विचारलं तर जुनं नाव सांगून मोकळ्या व्हा. ते कुणी ऐकलेलं नसणार, त्यामुळे पुढचा प्रश्न थेट जेवणावळीचा येईल.

आणि लग्नात पाहुण्यांसमोर त्याला ‘जरा वाजवून दाखव ना’ म्हणू नका. त्याचा शनिवार बहुतेक वेळा त्यातच जातो. त्या दिवशी वाजवायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, आणि त्याला पैसे द्या.