टी धरला, पण एक्स जाईना

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे, राजारामपुरीत राहतो. एक्स क्यूब गुणिले रूटमध्ये (एक्स स्क्वेअर + १) याचं इंटिग्रेशन करताना मी टी = एक्स स्क्वेअर + १ धरला, तरी एक एक्स स्क्वेअर उरतोच. मग तो इंटिग्रलच्या बाहेर काढून पुढं सोडवलं, उत्तर चुकलं. टीच चुकीचा धरला का? वहीच्या पानाचा फोटो जोडलाय.

उत्तर : नाही रे बाळा, टी एकदम बरोबर धरलायस. फोटो मोठा करून बघितला, तिसऱ्या ओळीपर्यंत काम चोख आहे, डीटी = २ एक्स डीएक्स, म्हणून एक्स डीएक्स म्हणजे डीटी भागिले २, इथपर्यंत मी पूर्ण मार्क दिले असते. घोळ चौथ्या ओळीत झालाय. बाहेर काढता येतो तो फक्त आकडा, म्हणजे कॉन्स्टंट, आणि एक्स स्क्वेअर काय कॉन्स्टंट नाही, तो टीबरोबर बदलत असतो, त्याला बाहेर ठेवून आतलं सोडवलं की गणितच दुसरं होतं. आता पहिली ओळ परत वाच बघू, टी = एक्स स्क्वेअर + १ असेल तर एक्स स्क्वेअर म्हणजे टी - १ की! तो उरलेला एक्स स्क्वेअर तिथंच बसवायचा. मग आत राहतं (टी - १) गुणिले रूट टी, बाहेर एक छेद दोन. कंस सोडव, टीचा घात ३/२ वजा टीचा घात १/२, दोन्ही साध्या पॉवर रूलनं सुटतात. उत्तर येतं टीचा घात ५/२ भागिले ५, वजा टीचा घात ३/२ भागिले ३, अधिक सी. शेवटी टीच्या जागी एक्स स्क्वेअर + १ परत घालायचं, ते पोरं हमखास विसरतात, आणि मग सगळ्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघ, मूळ गणित परत येतं का ते. दोन मिनिटं लागतात, पण पेपरात दुसऱ्या कुणाला विचारायची गरज उरत नाही.

आणि डीएक्स लिहायचा कंटाळा करू नकोस, तुझ्या दुसऱ्या ओळीत तो नाहीच आहे. जर्मन गणिती लायब्निझनं १६७५ साली ते लांबट एससारखं चिन्ह काढलं, लॅटिनमधल्या सुम्मा म्हणजे बेरीज या शब्दातला तो एस, आणि डीएक्स म्हणजे बेरजेतल्या एकेका तुकड्याची रुंदी. एक्सचा टी केला की रुंदीपण बदलते, म्हणून तर डीटी काढावा लागतो.

प्रश्न : मग ईचा घात एक्स स्क्वेअर, याला टी धरून का सुटत नाही?

उत्तर : कारण शेजारी एक्स नाही. टी = एक्स स्क्वेअर धरलास तर डीटीसाठी एक्स डीएक्स लागतो, तो आणायचा कुठनं? रूट टी करून आणलास तरी ते खाली छेदात अडकून बसतं. आपल्या नेहमीच्या फंक्शनांत याचं उत्तर लिहिताच येत नाही, तुझी चूक नाही त्यात, असल्या इंटिग्रल्सचा सिद्धांत फ्रान्सच्या लिउव्हिलनं १८३० च्या दशकात मांडला. तेच पुढं नुसता एक एक्स गुणिले असता तर एका ओळीत सुटलं असतं, ईचा घात एक्स स्क्वेअर, भागिले २, अधिक सी.