पुराच्या कामाला येतोस? आधी हे ऐक

भावा, यंदा पुराच्या कामाला यायचं म्हणतोस, ये की. पण आल्या आल्या पाण्यात उतरू नकोस. विहिरीत पोहायला शिकलास म्हणून पुरात पोहता येत नाही. पाणी गढूळ, खाली तारेचं कुंपण आहे का उघडी गटार, काही दिसत नाही. बोटीत बसलास तर लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर. खरं तर फोटो नकोच.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लाव. 39 फूट इशारा, 43 धोका. चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतली माणसं त्याआधीच निघालेली बरी, पण जनावरं सोडून कोण निघतंय? 2019 ला एक आजी उंबऱ्यातून हलेनात. तासभर समजावलं, व्यर्थ. शेवटी म्हैस ट्रॉलीत चढवली, तशा आजी आपणहून मागं आल्या. तेव्हापासून मी गेल्या गेल्या आधी गोठ्याचं विचारतो.

पाणी उतरलं की निम्मी पोरं गायब होतात. खरं काम तेव्हाच असतं. गाळ ओला असतानाच खोऱ्यानं ओढायचा, वाळला की दगड. गमबूट घाल, पायाला जखम असेल तर चिखलात जाऊच नकोस, लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते. मेन स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय घरात शिरायचं नाही.

आणि जुने कपडे गोळा करू नकोस बाबा. आमच्याकडं साड्यांचा ढीग पडला होता आणि बायका दबक्या आवाजात पॅड मागत होत्या. खराटे, फिनेल, पॅड आण. येताना घरनं जेवून ये.