मानधन थकलंय? वाचकांचे प्रश्न

पुण्यातल्या एका कंपनीसाठी वेबसाइटचा मजकूर लिहिला. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरलं. 38,000 रुपयांचं बिल मार्चमध्ये पाठवलं. तेव्हापासून ‘अकाउंट्सला टाकलंय’, ‘सर बाहेरगावी आहेत’ एवढंच ऐकतेय. करार नाही म्हणजे हातात काहीच नाही का? (नाशिक)

आहे, पुष्कळ आहे. तोंडी ठरलेला व्यवहारही कायद्याला चालतो, अडतं ते पुराव्यावर. ‘रेट ओके, सुरू करा’ हा मेसेज, पाठवलेल्या फाइली, ‘मस्त झालंय’ असा शेरा, सगळं जपून ठेवा. चॅट पुसू नका.

तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र ‘सर, पेमेंटचं काही झालं का?’ एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. त्याला ‘बघतो’ म्हटलं की विषय संपतो. त्याऐवजी सर आणि अकाउंट्स, दोघांना एकाच ईमेलवर लिहा: ‘बिल क्र. 14, रक्कम 38,000 रुपये. मजकूर आपणांस 6 मार्चला मिळाला व सध्या वेबसाइटवर आहे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते शुक्रवारपर्यंत कळवावे.’ विनवणी नको, धमकीही नको. पैसे बुडवणारा ‘देत नाही’ असं क्वचितच म्हणतो. तो ‘देतो’ म्हणतो आणि देत नाही. ते ‘देतो’ रकमेसकट लेखी मिळवणं हेच तुमचं पहिलं काम. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत समोरच्याने सहीनिशी बाकी कबूल केली तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आहे का? नसेल तर पुढच्या कामांसाठी आजच करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. फी मागणारे सगळे एजंट. नोंदणी काम घेण्याआधीची असावी, नंतरच्या नोंदणीवर वाद घातले जातात. 2006च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत आणि लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत चुकते करावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार ऑनलाइन करता येते आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर गिऱ्हाइकाला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. नुसता बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक दिसला तरी काही अकाउंट्सवाले जागे होतात.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. मानधनाचं ‘कळवतो’ म्हणाले. आता यंदाची कथा मागताहेत. संपादक ओळखीचे, वयाने मोठे. विचारायचं कसं? (सांगली)

याहून चांगली वेळ मिळणार नाही. ‘सर, कथा तयार आहे. गेल्या वर्षीचं मानधन जमा झालं की पाठवतो. यंदाचं किती, तेही त्याच मेलवर कळवावं,’ एवढं लिहा आणि थांबा. पुढे ‘गैरसमज नसावा’ वगैरे जोडू नका.

अंकाचा संसार जाहिरातींवर चालतो आणि जाहिरातदारांचे पैसे दिवाळी उलटली तरी रखडत येतात, हे मला मान्य आहे. पण छापखाना थांबत नाही, कागदवाला थांबत नाही. लेखक थांबतो, हे संपादकांना पक्कं ठाऊक असतं. मानधन द्यायचंच नसेल तर तसं आधी सांगावं. फुकट लिहायला माझी ना नाही, ते लेखकाने स्वतः ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

आणि कथा तुमचीच आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही त्यांच्या नोकरीत नसाल आणि सहीनिशी हक्क लिहून दिले नसतील, तर एकदा अंकात छापली म्हणून त्यांना ती परस्पर संग्रहात किंवा ऑडिओसाठी वापरता येत नाही.

चार महिने उलटल्यावर म्हणतात, ‘अनुवाद पसंत नाही, पैसे देणार नाही.’ (ठाणे)

इतके दिवस काय वाचत होते? एमएसएमईडी कायद्यात काम हाती आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. उद्यम नोंदणी असेल तर हे कलम दाखवा. नसेल तरी चार महिन्यांचं मौन तुमच्याच बाजूने बोलतं. नेमक्या कोणत्या ओळी खटकल्या ते लेखी मागा. बहुतेकदा उत्तर येत नाही.

एजन्सी म्हणते, ‘क्लायंटकडून आले की देऊ.’ (पुणे)

तुमचा व्यवहार एजन्सीशी. तशी अट तुम्ही आधी मान्य केली नसेल तर त्यांच्या क्लायंटशी तुमचं देणंघेणं नाही.

20,000च्या बिलाचे 18,000च आले. (लातूर)

दहा टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर भरायचा आयकर, कापला असावा. त्यांनी तिमाही विवरण भरलं की आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली तो दिसतो, आणि रिटर्नमध्ये हिशेबात धरला जातो. बऱ्याच उशिरानेही दिसला नाही तर पैसे कापलेले नाहीत, ठेवून घेतलेले आहेत, तेवढे मागा.

नाव घेऊन फेसबुकवर पोस्ट टाकू का? (मुंबई)

आत्ता नको. पोस्ट पडली की पैशांचं बोलणं थांबतं आणि बदनामीची नोटीस येते. ओळखीच्या लेखकांना मात्र खासगीत जरूर सांगा.

शेवटी चेक दिला, तो परत आला. ‘पुन्हा टाका, या वेळी होईल’ म्हणतात. (कोल्हापूर)

टाका, पण त्या भरवशावर बसू नका. चेक परतल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर त्यांना 15 दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138खाली कोर्टात तक्रार. या तारखा चुकल्या तर चांगली केस हातची जाते. बँकेचा मेमो घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.