एकट्याने सांभाळायच्या वेब ॲपला व्हर्जन नंबर द्यायची खरंच गरज आहे का?

तुम्ही विचारलंय की ॲप छोटं आहे, कोड मी एकटाच लिहितो, मग १.०.०, १.०.१ असले आकडे देत बसायचं कशाला, आणि द्यायचेच तर कुठला आकडा कधी वाढवायचा. माझ्या मते द्याच. एकटे असाल तर जास्तच गरज आहे, कारण सहा महिन्यांनी "हे कधी बदललं होतं रे" असं विचारायला शेजारी कोणी नसतं.

मी नाशिकला असतो, व्यापारी आणि पॅकहाऊसवाल्यांसाठी वेब ॲप बनवतो. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसला बॉक्सच्या हिशोबाचं ॲप दिलं होतं. ऐन फेब्रुवारीत त्यांनी ५ किलोच्या जागी ४.५ किलोचा बॉक्स सुरू केला, मी रात्री बदल करून सर्व्हरवर टाकला आणि सकाळी सातला दिवाणजींचा फोन, की ऑफिसात ५०० बॉक्सचं वजन २२५० किलो दिसतंय आणि खाली लोडिंगच्या कॉम्प्युटरवर २५००, गाडी उभी आहे, कुठलं खरं धरू? खालच्या ब्राउझरने जुनी जावास्क्रिप्ट फाइल धरून ठेवली होती, एवढंच होतं ते. पण स्क्रीनवर व्हर्जन कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे मी डेटाबेस तपासतोय, कोड तपासतोय, शेवटी कंट्रोल धरून एफ५ दाबायला लावलं, म्हणजे ब्राउझर साठवलेल्या फाइली सोडून नव्या आणतो, तेव्हा आकडा जुळला, तोवर दुपार झाली. मालाची गाडी माझ्यामुळे उन्हात थांबली याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक पानाच्या तळाला नंबर असतोच, आणि जावास्क्रिप्ट फाइलच्या नावातही तोच नंबर टाकतो, नाव बदललं की ब्राउझरला नवीन फाइल आणावीच लागते. आता दिवाणजी फोनवर आधी "खाली दोन पॉइंट तीन पॉइंट एक आहे" असं सांगतात आणि मगच अडचण सांगतात, निम्मं काम तिथेच होतं.

आकडा कसा वाढवायचा, तर सिमँटिक व्हर्जनिंग म्हणून पद्धत आहे, कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली. पहिला आकडा मेजर, मधला मायनर, शेवटचा पॅच. मुळात ती लायब्ररीसाठी, म्हणजे इतरांनी आपल्या ॲपमध्ये वापरायच्या तयार कोडसाठी आहे, त्यामुळे आपल्या ॲपला मी अशी लावतो: जुना डेटा किंवा एपीआय (दुसरे प्रोग्रॅम आपल्या ॲपशी ज्यातून बोलतात ते) जसाच्या तसा चालणार नसेल तर मेजर, नवीन सोय आली पण जुनं काही मोडलं नाही तर मायनर, नुसता बग काढला तर पॅच. डावीकडचा वाढला की उजवीकडचे शून्य. आणि हे दशांश नाहीत हं, १.९ नंतर १.१० येतं आणि ते मोठं असतं. एका क्लायंटला वाटलं होतं मी जुनं व्हर्जन चढवलं, त्याला हे समजावून सांगावं लागलं.

आपण ॲपमध्ये वापरतो त्या दुसऱ्यांच्या तयार कोडच्या पॅकेजबद्दल मात्र फार सावध राहा. पॅकेज फाइलमध्ये आकड्याआधी ते टोपीसारखं चिन्ह असतं ना, ^१.२.३, त्याचा अर्थ १.२.३ किंवा त्याच्या पुढचं, पण २.०.० च्या खालचं काहीही चालेल, म्हणजे तुम्ही एक अक्षर न बदलता उद्याचं ॲप आजच्यापेक्षा वेगळं असू शकतं. म्हणून लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेली फाइल, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवाच आणि सर्व्हरवर पॅकेजेस उतरवायला एनपीएम इन्स्टॉल ही कमांड न देता एनपीएम सीआय चालवा, म्हणजे लॉकमध्ये आहे तेच उतरतं. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरात लोकांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं ॲप तयार करायचं काम, अडकले होते.

मेंटेनन्सला मी वेळ ठरवून घेतलाय. जानेवारी ते मार्च फक्त पॅच, काहीही झालं तरी. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी सुरू झाली की मीही पॅकेजेस अपडेट करणं, मेलेला कोड काढणं, मेजर बदल हे सगळं घेतो, तेव्हा पॅकहाऊस रिकामं असतं आणि चुकलं तरी कोणाचा माल अडकत नाही.

तुम्ही आज एवढंच करा, सर्व्हरवर आत्ता जे चालू आहे त्याच कमिटला (गिटमध्ये जतन केलेल्या कोडच्या नोंदीला) १.०.० असा गिट टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा, अर्धवट काम त्यात घेऊ नका, आणि चेंजलॉगची, म्हणजे कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं याची, एक फाइल उघडून तारखेसकट पहिली ओळ लिहा, मराठीत लिहिली तरी चालते, मी मराठीतच लिहितो.