‘बॅक टू ठाणे’ की ‘बॅक इन ठाणे’?

प्रश्न आला तो पातेल्यासोबत. शेजारची मुलगी दोन वर्षं पुण्यात नोकरी करून नुकतीच ठाण्याला परत आली. आता ऐरोलीला एका कंपनीत जाते. माझं पातेलं द्यायला आली, तर त्यात चार लिंबं. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आईने तिला नीट शिकवलंय. पातेलं माझ्या हातात देऊन तिने दारातच मोबाइल पुढे केला.

‘काकू, हे बरोबर आहे ना?’

पुण्यातल्या मैत्रिणींना पाठवायचा मेसेज होता : ‘आय ॲम बॅक टू ठाणे.’ भावाने सांगितलं होतं की ‘टू’ चूक, ‘इन’ लिही. ती अडून बसली होती. ‘कम बॅक टू’ चालतं, ‘गो बॅक टू’ चालतं, मग इथेच काय बिघडलं?

भाऊ बरोबर आहे. पण त्याच्या उत्तरापेक्षा हिचा प्रश्न चांगला आहे.

‘टू’ला प्रवास लागतो. कम, गो, गेट, ड्राइव्ह ही सगळी हलणारी क्रियापदं, म्हणून ‘आय केम बॅक टू ठाणे’ हे वाक्य सरळ. ‘ॲम’मध्ये मात्र कुणी कुठे जात नाही. पोचून झालंय, बॅग उघडून झालीये, कपडे मशीनला लागलेत. तिथे जागा सांगणारा शब्द हवा : बॅक इन ठाणे, बॅक ॲट वर्क, बॅक ॲट माय डेस्क. शंका आली की वाक्यातला ‘बॅक’ काढून बघायचं. ‘आय ॲम इन ठाणे’ उभं राहतं, ‘आय ॲम टू ठाणे’ आडवं पडतं. ही युक्ती ‘फ्रॉम’ला मात्र लावू नका. ‘आय ॲम बॅक फ्रॉम पुणे’ म्हणजे पुण्याहून आले. त्यातला ‘बॅक’ काढलात तर तुम्ही थेट पुणेकर होता, आणि ते ठाण्यात कुणाला कबूल करवत नाही.

ही चूक मराठी माणसाकडून इतकी सहज का होते? मला वाटतं, दोष आपल्या ‘ला’चा आहे. ‘मी ठाण्याला गेले’ यात ‘ला’ प्रवासाचा. पण ‘माझी बहीण ठाण्याला असते’, ‘लग्न ठाण्याला आहे’ इथेही तोच ‘ला’, आणि इथे कुणी हलत नाही. ‘ठाण्यात’ हाही शब्द आहेच, पण गावाच्या नावापुढे ‘ला’ एकटाच दोन्ही कामं उरकतो. जाणं आणि असणं यांत फरक करायची सवय या जागी आपल्याला नाही. ‘मी परत ठाण्याला आहे’ असं मनात म्हणत बोट चालवलं की ‘टू’ उमटणारच.

घराच्या बाबतीत उलट, मराठीची मदत होते. ‘बॅक टू होम’ असं इंग्रजी म्हणत नाही, नुसतं ‘बॅक होम’. आपणही ‘घराला आले’ म्हणत नाही, ‘घरी आले’ म्हणतो, आणि ‘घरी’मधल्या त्या ‘ई’तच जागा सांगून झालेली असते. ‘होम’ म्हणजे ‘घर’ नव्हे, ‘घरी’, असं धरून चाला. इथला पुष्कळ गोंधळ मिटतो.

तिचा पुढचा वार मात्र नेमका होता. ‘मग पावसात लोकल बंद पडल्यावर ट्रेन्स आर बॅक टू नॉर्मल लिहितात, ते?’

ते बरोबरच आहे. नॉर्मल हे गाव नाही, अवस्था आहे. गावाला ‘बी बॅक इन’, अवस्थेला ‘बी बॅक टू’ : बॅक टू नॉर्मल, बॅक टू स्क्वेअर वन. ‘बॅक’ काढायची युक्ती इथे चालत नाही, हे असंच लक्षात ठेवावं लागतं. मराठीत या अवस्थांना एकेक छान शब्द आहेत आणि ते आपण हल्ली विसरतो. गाड्या ‘पूर्वपदावर’ येतात. चर्चा ‘फिरून भोपळे चौकात’ येते. आणि सुटलेली वाईट सवय पुन्हा लागली, की ‘ये रे माझ्या मागल्या’.

वेळेचं थोडक्यात सांगते. ‘दहा मिनिटांनी परत येते’ याचं आपण ‘आफ्टर टेन मिनिट्स’ करतो. समोरचा समजून घेतो, पण पुढच्या वेळेबद्दल बोलताना इंग्रजीत ‘इन टेन मिनिट्स’ म्हणायची रीत आहे. तो ‘इन’ आपल्या ‘मिनिटांत’सारखा दिसतो, अर्थ मात्र बहुधा ‘मिनिटांनी’चा असतो. दहाच्या आत यायचं असेल तर ‘विदिन’. सहापर्यंत घरी असेन, याला ‘आय विल बी बॅक बाय सिक्स’.

राहता राहिलं ऑफिसात रोज ऐकू येणारं ‘रिव्हर्ट बॅक’. ‘रिव्हर्ट’मधलं ‘व्हर्ट’ लॅटिन ‘वळणे’, आपल्या संस्कृत ‘वृत्’चं भावंड. ‘रि’ म्हणजेच मागे. तेव्हा ‘बॅक’ जोडणं म्हणजे लिंबूपाण्यात पुन्हा पाणी. ‘रिटर्न बॅक’ही तसंच. उत्तर देते, या अर्थी ‘आय विल गेट बॅक टू यू’ पुरे. ‘कम बॅक अगेन’ होतं, त्याचं कारण मला वेगळं दिसतं. आपलं ‘परत’ बॅकही असतं आणि अगेनही. ‘परत ये’ म्हणजे माघारी ये की पुन्हा एकदा ये, हे सुरावर ठरतं. इंग्रजी करताना आपण भीतीपोटी दोन्ही लिहून टाकतो.

तेवढ्यात शेजारून तिच्या आईची हाक आली. ‘आलेच!’ म्हणाली आणि तिथेच उभी राहून मेसेज दुरुस्त करत बसली. ‘आय विल बी राइट बॅक’ला मराठीत याहून नेमकं काही नाही. जायच्या आधीच भूतकाळ वापरून आल्याची ग्वाही.

‘आय ॲम बॅक इन ठाणे’ गेला. ती घरात पोचते न पोचते तोच परत माझ्या दारात. मैत्रिणीचं उत्तर आलं होतं : ‘वेलकम बॅक टू ठाणे!’

‘काकू, आता हिचं चुकलं ना?’

नाही, तिचंही बरोबर. ‘वेलकम’च्या पोटात ‘कम’ बसलाय. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता हवासा वाटणारा आलेला माणूस. आपल्या ‘स्वागत’मध्येही ‘सु’पुढे ‘आगत’ म्हणजे आलेलाच आहे. येणं आलं, की ‘टू’ आला.