गाडी जुन्याच दराने आलेली असते

प्रश्न : आमचं चलन गेले काही महिने वधारतंय, असं बातम्यांत रोज ऐकतो. मी बाहेरून येणारी एक नवी गाडी हेरून ठेवली आहे, पण तिची किंमत जागची हललेली नाही. चलन घसरलं तेव्हा मात्र याच लोकांनी पंधरा दिवसांत भाव वाढवला होता. ही लबाडी नाही का?

उत्तर : आहे थोडी, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. गाड्या आयात करणाऱ्या एका कंपनीत मी २१ वर्षं हिशेब सांभाळले, त्यामुळे कुंपणाच्या आतली बाजूही बघितली आहे.

शोरूममध्ये उभी असलेली गाडी आजच्या दराने आलेलीच नसते. ऑर्डर, कारखाना, जहाज, बंदर, कस्टम्स यांत सहज काही महिने जातात. शिवाय आम्ही बँकेशी फॉरवर्ड करार करायचो, म्हणजे सहा महिन्यांनी लागणारे युरो आज ठरलेल्या भावाने घ्यायचे. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता असे आणि त्यात प्रत्येक खेपेसमोर तिचा दर पेन्सिलने लिहिलेला असे. एका वर्षी युरो आणखी चढणार या भीतीने आम्ही बराच मोठा आकडा बांधून टाकला आणि महिन्याभरात युरो उतरला. ज्यानं काहीच बांधलं नव्हतं त्या स्पर्धकानं भाव पाडले. आम्ही मात्र महागाचे युरो संपेपर्यंत चरफडत बसलो. त्या सहा महिन्यांत आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक तुमचाच प्रश्न विचारत होतं.

दुसरं, किमतीचा सगळा भाग दराबरोबर हलत नाही. समजा, गाडी १०० ला विकली जाते. त्यात बंदरापर्यंतचा खर्च ६०, त्यावर २० टक्के शुल्क म्हणजे १२, आणि उरलेले २८ इथली वाहतूक, जाहिरात, डीलरचं कमिशन वगैरे. परकी चलन १० टक्क्यांनी महागलं तर ६० चे ६६ होतात, शुल्क १३.२ होतं, २८ तसेच राहतात. बेरीज १०७.२. शुल्कही फुगतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उलट्या दिशेनेही हिशेब हाच.

आता लबाडीचं. भाव उतरवताना कंपनी छापील किंमत सहसा कमी करत नाही. केली, तर गेल्या महिन्यात घेतलेला माणूस भांडायला येतो आणि जुन्या गाड्यांचे भावही पडतात. म्हणून फायदा मॅट, वाढीव वॉरंटी, जुन्या गाडीची जास्त किंमत अशा वाटांनी झिरपतो, तोही मागणाऱ्यालाच. धक्का फार मोठा असेल तर गोष्ट वेगळी. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १ युरोला किमान १.२० फ्रँक हे बंधन अचानक काढलं आणि फ्रँक उसळला. तिथल्या आयातदारांनी लगोलग सवलती जाहीर केल्या, कारण गिऱ्हाईक सरळ सीमा ओलांडून जर्मनीत गाडी घेऊ शकत होतं.

चढतानाही सगळा भार गिऱ्हाइकावर पडत नाही, हेही सांगायला हवं. सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलर उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी केलेल्या प्लाझा करारानंतर डॉलर सुमारे २४० येनवरून दोन-अडीच वर्षांत १२० च्या आसपास आला, म्हणजे येन दुप्पट महागला. पण म्हणून काही अमेरिकेत जपानी गाड्या दुप्पट महाग झाल्या नाहीत. बाजार हातचा जाऊ नये म्हणून कंपन्यांनी बराच फटका स्वतः सोसला आणि तिथेच कारखाने वाढवले.

प्रश्न : गाडी जपानी कंपनीची आहे, म्हणजे येनवर लक्ष ठेवायचं ना?

उत्तर : नावावर जाऊ नका. ती कुठे बनली आणि बिल कोणत्या चलनात फाडलं, ते विचारा. बीएमडब्ल्यूच्या कित्येक एसयूव्ही जर्मनीत नव्हे, अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गमध्ये बनतात.

प्रश्न : मग थांबू की घेऊन टाकू?

उत्तर : दराचा अंदाज मला पगार घेऊनही जमला नाही, तो आता फुकटात सांगत नाही. चलन वधारलं असेल तर मागच्या खेपेतल्या, धूळ खात पडलेल्या गाडीवर घासाघीस करा. नवी खेप स्वस्त पडणार हे डीलरला तुमच्याआधी कळलेलं असतं. आणि गाडी मागवून घेणार असाल तर सही करण्याआधी बारीक अक्षरात बघा : किंमत बुकिंगच्या दिवशीची, की ताबा मिळेल त्या दिवशीची?