पोटातल्या मुलग्याच्या टेस्टिसमधे (वृषणात) टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी कोण ठरवतं? वाय क्रोमोझोम असला की आपोआप होतं का?

आपोआप नाही हो. एमएस्सीपर्यंत मलाही असंच वाटायचं, पण खरी गंमत अशी की त्या पेशींना स्वतःला वाय नसला तरी चालतं!

या लायडिग पेशी. वायवरचा एसआरवाय जीन (१९९० मधे सापडला) त्यांच्यात नाही, शेजारच्या सर्टोली पेशींमधे (टेस्टिसमधल्या नळ्या बनवणाऱ्या) चालू होतो, माणसात साधारण सहाव्या आठवड्यात. तो सॉक्स-नाईन या दुसऱ्या जीनला जागं करतो आणि मग सगळा कारभार सॉक्स-नाईनच बघतो, उंदरात तर एसआरवाय दोनेक दिवसात गप्पच होतो. मग सर्टोली पेशी डेझर्ट हेजहॉग नावाचं प्रोटीन बाहेर सोडतात (नावं ठेवणाऱ्यांना काय सुचेल सांगता येत नाही), ते बाजूच्या कच्च्या पेशींना जाऊन चिकटतं, आत ग्ली नावाचे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन्स) कामाला लागतात आणि तिथे एसएफ-वन आणि गाटा-फोर हे असेच दोन फॅक्टर असले की कोलेस्टेरॉलपासून हॉर्मोन बनवणारी एन्झाइम्स चालू होतात. एसएफ-वन काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्यात टेस्टिस-ओव्हरी तर नसतेच, किडनीवरची ॲड्रिनल ग्रंथीही नसते. पण तो एकटा काही ठरवत नाही, कारण तो सर्टोलीतही असतो, मुलीच्या ओव्हरीतही असतो. कुठला फॅक्टर आहे यापेक्षा कोणाच्या जोडीला आणि कोणाच्या शेजारी आहे, हे जास्त महत्त्वाचं. आणि सगळ्याच कच्च्या पेशी एकदम लायडिग होऊन बसू नयेत म्हणून नॉच नावाचा पेशींमधला सिग्नल काहींना मागे धरून ठेवतो.

वाय लागत नाही हे कशावरून? एक्सएक्स आणि एक्सवाय पेशी मिसळून केलेले उंदीर असतात, त्यांच्या टेस्टिसमधे सर्टोली पेशी जवळजवळ सगळ्या एक्सवाय निघाल्या, लायडिगमधे मात्र दोन्ही सापडल्या.

लॅबमधे साडेतेरा दिवसांच्या उंदराच्या गर्भाची टेस्टिस मी पहिल्यांदा काढली तेव्हा ती मोहरीएवढी होती, मायक्रोस्कोपखाली आडवे पट्टे दिसत होते, म्हणजे सर्टोलीच्या नळ्या. हॉर्मोनच्या एन्झाइमचा स्टेन केला तर नळ्या कोऱ्या आणि मधल्या फटींमधे तपकिरी पेशींचे घोळके. शेजारीच, पण नळीच्या बाहेर.

उंदरात तर त्या घोळक्यांना टेस्टोस्टेरॉन पुरतं बनवताही येत नाही, एक पायरी आधीच थांबतात आणि शेवटचं काम परत सर्टोलीच करते. माणसात अजून एक बाहेरचा हात आहे, वारेतून येणारं एचसीजी हे हॉर्मोन. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ ज्याच्यामुळे उमटते ना, तेच पुढे बाळाच्या लायडिग पेशींना कामाला लावतं.